नियत दिनाची चिकित्सा : अधिनियमाचा 'प्रारंभ' आणि वर्धा जिल्ह्याचा अनुभव

प्रस्तावना

पदवी स्तरावरील राज्यशास्त्राच्या बहुतेक मराठी क्रमिक पुस्तकांत कायदानिर्मितीचे प्रकरण एका ठराविक वाक्यापाशी येऊन थांबते. विधेयक मांडले जाते, त्याची वाचने होतात, दोन्ही सभागृहांची मान्यता मिळते, राष्ट्रपती अथवा राज्यपाल संमती देतात आणि 'विधेयकाचे कायद्यात रूपांतर होते'. या वाक्यानंतर प्रकरण संपते व विद्यार्थी पुढील घटकाकडे वळतो. परंतु ज्याच्या जमिनीवर, मजुरीवर अथवा स्वातंत्र्यावर त्या कायद्याचा परिणाम व्हावयाचा असतो, त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न या वाक्यानंतरच सुरू होतो. कायदा झाला हे खरे. तो लागू कधी झाला? सर्वच कलमे लागू झाली काय? आणि ती आपल्या जिल्ह्यात लागू झाली काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार वर्धा जिल्ह्याच्या अनुषंगाने केला आहे. त्यास विशेष कारण आहे. विदर्भात असूनही वऱ्हाडात नसलेला हा जिल्हा मध्य प्रांत, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा चार राजवटींखाली राहिला. त्याच्या उत्तर व पश्चिम सीमेवरून वाहणारी वर्धा नदी हीच मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यामधील जुनी हद्द होती. त्यामुळे अधिनियम केव्हा अंमलात आला या प्रश्नाला येथे 'कोणत्या तीरावर?' हा दुसरा प्रश्न नेहमीच जोडलेला राहिला.

आरंभी एक शब्दविचार आवश्यक वाटतो. मराठीत कायदा 'अंमलात येतो' आणि त्याची 'अंमलबजावणी' होते. या दोन भिन्न गोष्टी असूनही शब्दाचे मूळ एकच असल्यामुळे आपल्या लेखनात त्यांची सर्रास गल्लत होते. अंमलात येणे ही कायद्याने ठरविलेली घटना होय. तिला दिनांक असतो. अंमलबजावणी ही प्रशासनाची क्रिया होय. ती दीर्घकाळ चालते किंवा मुळीच होत नाही. एखाद्या अधिनियमाचे अपयश सांगताना आपण बहुधा अंमलबजावणीला दोष देतो. काही अधिनियमांचे अपयश मात्र त्यांच्या पहिल्याच कलमात, म्हणजे 'संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ' या मथळ्याखाली लपलेले असते, आणि ते कलम सहसा कोणी वाचत नाही. (अंमल या शब्दाचा नशा हाही अर्थ मराठीत रूढ आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात कायद्याचा अंमल आणि दारूचा अंमल एकाच शब्दाने सांगावा लागतो, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.)

संमती, प्रसिद्धी आणि प्रारंभ

अधिनियमात प्रारंभाचा दिवस सांगितला नसेल तर काय, याचे उत्तर सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ५ मध्ये आहे. केंद्रीय अधिनियम राष्ट्रपतींची संमती मिळाल्याच्या दिवशी अंमलात येतो. राज्याच्या अधिनियमांना मात्र १९०४ चा मुंबईचा वाक्खंड अधिनियम लागू असून त्यानुसार राज्यपालांची अथवा राष्ट्रपतींची संमती राजपत्रात प्रथम प्रसिद्ध होईल तो दिवस हा प्रारंभाचा दिवस होय. हा भेद सूक्ष्म असला तरी दुर्लक्षणीय नाही. दिल्लीचा कायदा सहीबरोबर जिवंत होतो, मुंबईचा कायदा छापल्यावर. नागरिकाच्या बाजूने पाहता दुसरा नियम अधिक न्याय्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण सही ही राष्ट्रपती भवनातील घटना आहे, प्रसिद्धी ही निदान तत्त्वतः सर्वांसमोरची.

प्रसिद्धीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फार लवकर ओळखले. 'हरला विरुद्ध राजस्थान राज्य' (१९५१) या प्रकरणात जयपूर संस्थानच्या मंत्रिपरिषदेने १९२३ मध्ये केवळ ठरावाने संमत केलेला आणि कधीही जाहीर न केलेला अफूविषयक कायदा न्यायालयाने कायदा मानण्यास नकार दिला. तो निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस हे तत्पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. वर्धा जिल्हा त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. लोकांना जो कळू दिला नाही, त्याबद्दल त्यांना शिक्षा करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, हा त्या निकालाचा गाभा होय. अमेरिकन विधिचिंतक लॉन फुलर यांनी 'द मोरॅलिटी ऑफ लॉ' (१९६४) या ग्रंथात कायद्याच्या अंगभूत नैतिकतेचे जे आठ निकष मांडले, त्यांत जाहीर प्रसिद्धी व भूतलक्षी कायद्यांचा अभाव हे दोन निकष आहेत. बोस यांचा निकाल त्याआधी तेरा वर्षांचा आहे, याची नोंद आपल्या अभ्यासक्रमात कोठेही आढळत नाही.

तथापि प्रसिद्धी म्हणजे माहिती होणे नव्हे. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज' या खटल्यात हे कठोरपणे स्पष्ट झाले. सोन्याच्या वाहतुकीसंबंधी रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाली. झुरिकहून मनिलाकडे निघालेला हा जर्मन प्रवासी २८ नोव्हेंबरला सांताक्रूझ विमानतळावर विमानातच बसून असताना त्याच्या अंगावरील जाकिटात ३४ किलो सोने सापडले. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास सोडून दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने त्याची दोषसिद्धी पुन्हा कायम केली. भारताच्या राजपत्रात छापले गेले एवढे पुरेसे, परदेशी माणसाने ते वाचले होते काय हा प्रश्न गैरलागू, अशी बहुमताची भूमिका होती. न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले. झुरिकच्या प्रवाशाविषयी आपणास विशेष सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. परंतु राजपत्राचे अंतर झुरिकपासून जितके, तितकेच ते त्या काळी आष्टी किंवा कारंजा येथील बटईदारापासून नव्हते काय?

मालगुजारी : एका अधिनियमाचे पाच दिवस

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात प्रारंभाच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन (इस्टेटी, महाल व अन्यसंक्रामित जमिनी) अधिनियम, १९५०. मालगुजारी याच अधिनियमाने संपली. वऱ्हाडात रयतवारी असल्याने नदीपलीकडे तो प्रामुख्याने इजारा-जहागिरीसारख्या जमिनींपुरता राहिला; अलीकडे, वर्धा, हिंगणघाट व आर्वी या तत्कालीन तहसिलींत, त्याने गावाचा मालकच बदलला.

हा कायदा कधी लागू झाला, असे विचारल्यास सामान्यतः ३१ मार्च १९५१ हे उत्तर मिळते. ते चूक नाही, अपुरे आहे. विधेयक ५ एप्रिल १९५० रोजी विधानसभेत संमत झाले. राष्ट्रपतींची संमती मिळण्यास २२ जानेवारी १९५१ उजाडला. २६ जानेवारीस ते राजपत्रात प्रसिद्ध होऊन अधिनियम अंमलात आला. परंतु अंमलात येऊनही मालगुजाराची मालकी त्या दिवशी गेली नाही. कारण कलम ३ नुसार मालकी हक्क शासनाकडे निहित होण्याचा दिवस स्वतंत्र अधिसूचनेने ठरावयाचा होता. तो ३१ मार्च १९५१ ठरला.

म्हणजे विधानसभेच्या मंजुरीपासून हक्क जाईपर्यंत जवळजवळ एक वर्षाचा काळ मालगुजारांच्या हाती होता. ज्याला आपली मालकी अमुक दिवशी जाणार हे ठाऊक आहे, तो मधल्या काळात काय करील, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. गावातील जंगल, गवत, तेंदूपान, मोहाची झाडे, तलाव, पडीत जमीन हे सर्व अजून त्याचेच होते. विधिमंडळाला हे दिसले नव्हते असे नाही. म्हणूनच कलम ६ मध्ये १६ मार्च १९५० ही तारीख घालण्यात आली. शासनाकडे जाणाऱ्या मालमत्तेतील कोणताही हक्क मालगुजाराने या तारखेनंतर हस्तांतरित केला असल्यास, काही अपवाद वगळता, असे हस्तांतरण मालकी निहित होण्याच्या दिवसापासून शून्य ठरावयाचे होते. ही तारीख विधेयक संमत होण्याच्याही आधीची आहे. कायद्याने आपला हात स्वतःच्या जन्मापूर्वीच्या काळात घातला, आणि तो घालणे भाग होते.

पाचवा दिवस सर्वांत शांत आणि बहुधा सर्वांत परिणामकारक आहे. मालगुजाराकडे 'घरची शेती' म्हणून कोणती जमीन राहील, हे ठरविताना अधिनियमाने १९४८-४९ च्या वार्षिक कागदपत्रांतील सीर व खुदकास्त या नोंदी प्रमाण मानल्या. पुढे कोणाच्या वहितीत काय होते, यापेक्षा पटवाऱ्याने त्या वर्षी काय लिहिले, हे निर्णायक ठरले. नोंदवर्ष मागे नेण्यामागील हेतू उघड आहे. कायद्याची चाहूल लागल्यावर केलेल्या बनावट नोंदींना वाव राहू नये, हा तो हेतू. परंतु १९४८-४९ चे कागदही पटवाऱ्यानेच लिहिलेले होते आणि गावात पटवारी व मालगुजार यांचे संबंध कोणत्या स्वरूपाचे असत हे वैदर्भीय वाचकास सांगण्याची गरज नाही. या अधिनियमावरील विवेचनांत नुकसानभरपाईची चर्चा पुष्कळ आढळते. नोंदवर्षाची चर्चा अभावानेच.

तारखांच्या या रचनेतून वाद उद्भवणे अपरिहार्य होते. तेंदूपाने, लाख व इमारती लाकूड यांचे जे ठेके मालगुजारांनी आधीच देऊन ठेवले होते, त्यांचे काय? 'छोटाभाई जेठाभाई पटेल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' (१९५३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठेकेदारांच्या बाजूने कौल दिला. 'महादेव विरुद्ध मुंबई राज्य' (१९५९) मध्ये तशाच स्वरूपाच्या ठेकेदारांना तो मिळाला नाही. दरम्यान राज्याचेच नाव बदलले होते, हे खटल्याच्या शीर्षकांवरूनच दिसते. अधिनियमाची वैधता तर त्याहून वेगळ्या मार्गाने पक्की झाली. १८ जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१अ व ३१ब घालून आणि हा अधिनियम नवव्या अनुसूचीत समाविष्ट करून त्यास संरक्षण दिले, आणि 'विश्वेश्वर राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' (१९५२) मध्ये तो प्रामुख्याने टिकला. म्हणजे ३१ मार्चला गेलेल्या मालकीचे घटनात्मक समर्थन अडीच महिन्यांनंतर, भूतलक्षी प्रभावाने आले.

याच मार्च महिन्यात विनोबा पवनारहून पायी निघून तेलंगणाच्या वाटेवर होते. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. भूदानाला राजपत्र नको होते, असे भाविकपणे म्हटले जाते. प्रत्यक्षात दान दिलेली जमीन भूमिहीनाच्या नावावर करण्यासाठी मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम, १९५३ करावाच लागला.

कूळ, मालक आणि १ एप्रिल

मालगुजारी गेल्यानंतरच्या सोळा वर्षांत आर्वी किंवा समुद्रपूर भागातील शेतकरी किती कायद्यांखालून गेला, हे एकदा सलग मांडून पाहावयास हवे. मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, १९५४ ही १ ऑक्टोबर १९५५ पासून लागू झाली. तेरा महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जिल्हा मुंबई राज्यात गेला. परंतु राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ मुळे मध्य प्रदेशची संहिता येथे तशीच चालू राहिली. माणसे मुंबईची झाली, जमीन मध्य प्रदेशच्या कायद्याची राहिली. हे द्वैत १५ ऑगस्ट १९६७ रोजी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अंमलात येईपर्यंत टिकले.

या काळाच्या मध्यभागी मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ विभाग) अधिनियम, १९५८ उभा आहे. पश्चिम महाराष्ट्रात 'कृषक दिन' १ एप्रिल १९५७ हा होता. विदर्भाचा अधिनियम ३० डिसेंबर १९५८ रोजी अंमलात आला, परंतु कुळास मालकी देणारे कलम ४६ हे १ एप्रिल १९६१ पासून परिणाम करणारे होते. ज्या कुळांना त्या दिवशी मालकी मिळाली नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांसाठी नंतर घातलेल्या कलम ४९अ ने १ एप्रिल १९६३ हा दुसरा दिवस ठरविला.

प्रारंभ आणि परिणाम यांमधील या सव्वादोन वर्षांत काय होते? कलम ३८ होते. स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असल्यास जमीनमालकाने १५ फेब्रुवारी १९६१ पर्यंत कुळास नोटीस द्यावी व ३१ मार्च १९६१ पर्यंत तहसीलदाराकडे ताब्यासाठी अर्ज करावा, अशी तरतूद होती. कॅलेंडर नीट पाहावे. मालकाचा शेवटचा दिवस ३१ मार्च, कुळाचा पहिला दिवस १ एप्रिल. कायद्याच्या मसुद्याच्या दृष्टीने ही जुळणी निर्दोष आहे. परंतु अधिनियमाने मालकास तारीख देऊन कामाला लावले आणि कुळास तारीख देऊन थांबावयास सांगितले, ही या रचनेतील मूलभूत विषमता होय. ज्याच्याजवळ वकील आहे, तहसिलीत ओळख आहे, ज्याला 'नोटीस' या शब्दाचा अर्थ कळतो, त्याच्यासाठी सव्वादोन वर्षे ही संधी असते. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी ती जोखीम असते.

या टीकेवर एक रास्त आक्षेप संभवतो. कलम ३८ चा हेतू सर्वच मालकांना मोकळीक देण्याचा नव्हता. मर्यादित जमीन असलेला लहान मालक, विधवा, अज्ञान वारस, सैन्यातील जवान यांच्या अडचणींचा विचार करणे आवश्यक होते आणि कायद्याने तो केला. तसेच १९५७ मध्येच एका तात्पुरत्या कायद्याने विदर्भातील कुळांना बेदखलीपासून संरक्षण देण्याचा प्रयत्न झाला होता. हे मान्य करूनही प्रश्न उरतो. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या कार्यवाहीची केलेली पाहणी गोखले संस्थेने १९५७ मध्ये प्रसिद्ध केली होती. कायदा असूनही कुळे बदलत राहिली, जमिनी मालकांकडे परतत राहिल्या आणि कायद्याची फारशी कार्यवाही झालीच नाही, असे चित्र त्या पाहणीतून पुढे आले होते. विदर्भाचा अधिनियम त्यानंतरचा आहे. अनुभव हाताशी असताना पुन्हा एक लांब मधला काळ ठेवला गेला, आणि तोही ज्या जिल्ह्यांत कुळांची नोंद मुळातच कच्ची होती तेथे. बटईने किंवा मक्त्याने, तोंडी बोलीवर जमीन वाहणाऱ्यास आपण 'कूळ' आहोत हे आधी सिद्ध करावे लागते. मधला काळ जितका लांब, तितके ते सिद्ध करणे अवघड होत जाते. म्हणून हा दोष अंमलबजावणीच्या खात्यावर टाकता येणार नाही. तो अधिनियमाच्या घडणीतच आहे.

दोन तीर

दारूबंदीचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. महात्मा गांधींची कर्मभूमी म्हणून १९७४ मध्ये वर्धा जिल्हा दारूबंदीचा जिल्हा झाला. सर्वसामान्य समज असा की, वर्ध्यास दारूबंदीचा कायदा लागू आहे आणि नदीपलीकडे यवतमाळ-अमरावतीस तो लागू नाही. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९, ज्याची घटनात्मक तपासणी 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' (१९५१) मध्ये झाली, तोच अधिनियम पुढे विदर्भास लावण्यात आला आणि तो दोन्ही तीरांवर सारखाच अंमलात आहे. त्याची मूळ रचना सर्वत्र मनाईचीच आहे. अन्य जिल्ह्यांत अनुज्ञप्ती आणि परवाने देऊन मनाईला वाट करून दिली जाते, वर्ध्यात ती वाट बंद केली गेली. पुलगावचा पूल ओलांडल्यावर कायदा बदलत नाही, परवान्याचे धोरण बदलते. चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली बंदी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठली; त्यासाठी अधिनियमातील एकही कलम निरसित करावे लागले नाही. व्याप्ती आणि प्रारंभ यांची सूत्रे विधिमंडळाकडून शासनाकडे किती पूर्णपणे जाऊ शकतात, याचा याहून सोपा पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

रोजगार हमीच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. योजना १९७२ च्या दुष्काळात आधी सुरू झाली, अधिनियम १९७७ चा आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. येथे व्यवहाराने कायद्याला मागे ओढत आणले. पुढे केंद्राचा २००५ चा रोजगार हमी अधिनियम २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला तेव्हा अमरावती व यवतमाळ त्यांत होते, वर्धा नव्हता. राज्याचा अधिनियम आधीपासून लागू असल्याने येथील मजूर अगदीच उघडा पडला नाही, हे खरे. तरीही एकाच नदीचे पाणी भरणाऱ्या दोन गावांतील मजुरांचा केंद्रीय हक्क वेगवेगळ्या दिवशी सुरू होणे, हे १९५१ च्या जुन्या हद्दीची आठवण करून देणारेच होते.

शासनाच्या हाती राहिलेला दिवस

वरील उदाहरणांत दिवस उशिरा का होईना आला. तो येतच नाही तेव्हा काय होते? चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे (१९७८) कलम ३ हे प्रतिबंधक स्थानबद्धतेविरुद्धची संरक्षणे वाढविणारे होते. आणीबाणीच्या अनुभवातून ते जन्मले. संसदेने ते संमत केले, राष्ट्रपतींनी संमती दिली. केंद्र शासनाने त्याचा दिवस ठरविला नाही. 'ए. के. रॉय विरुद्ध भारत संघ' या प्रकरणात न्यायालयास विनंती करण्यात आली की शासनास दिवस ठरविण्याचा आदेश द्यावा. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या बहुमताच्या निकालाने (डिसेंबर १९८१) तसा आदेश देण्यास नकार दिला, न्या. ए. सी. गुप्ता यांनी भिन्न मत दिले. प्रस्तुत लेखकाच्या मते बहुमताचा निकाल तर्कदृष्ट्या सुसंगत आणि परिणामदृष्ट्या अस्वस्थ करणारा आहे. घटनादुरुस्तीसाठी दोन-तृतीयांश बहुमत हवे; ती निष्प्रभ ठेवण्यासाठी मात्र काहीच न करणे पुरते.

शिक्षणहक्काचा प्रवासही असाच, परंतु त्याला शेवट लाभला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. अनुच्छेद २१अ घालणाऱ्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीस १२ डिसेंबर २००२ रोजी संमती मिळाली आणि ती अंमलात आली १ एप्रिल २०१० रोजी. या सव्वासात वर्षांत जे मूल पहिलीत जाण्याच्या वयाचे होते, ते हक्क लागू होईपर्यंत माध्यमिक शाळेच्या दारात उभे होते, किंवा शाळेबाहेर. वेतन संहितेस ऑगस्ट २०१९ मध्ये व उर्वरित तीन श्रमसंहितांस सप्टेंबर २०२० मध्ये संमती मिळूनही त्या २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत थांबून होत्या. कामगारांच्या दृष्टीने ही दिरंगाई हितकर होती की अहितकर, याविषयी मतभेद आहेत. हिंगणघाटसारख्या जुन्या गिरणीगावात तर अधिकच असतील.

भारतीय न्याय संहिता, २०२३ ने याच प्रश्नाला नवे रूप दिले. तिला २५ डिसेंबर २०२३ रोजी संमती मिळाली व ती १ जुलै २०२४ पासून अंमलात आली. अपवाद कलम १०६ च्या पोट-कलम (२) चा. निष्काळजी वाहन चालवून मृत्यू घडविणाऱ्या आणि पोलीस अथवा दंडाधिकारी यांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे हे पोट-कलम जानेवारी २०२४ मधील वाहनचालकांच्या आंदोलनानंतर अधिसूचनेतून वगळण्यात आले. आंदोलकांची बाजू चुकीची होती असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु संसदेने संमत केलेले कलम रद्द न करता, दुरुस्त न करता, केवळ दिवस न देऊन बाजूला ठेवता येते, ही पद्धत विचारार्ह आहे. समृद्धी महामार्ग ज्या जिल्ह्यातून जातो, तेथे हा प्रश्न पुस्तकी नाही. ३० जून २०२४ च्या रात्री बारापूर्वी झालेल्या अपघातास जुन्या संहितेचे कलम ३०४अ, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. बारानंतरच्या अपघातास नव्या संहितेचे कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत. वाक्खंड अधिनियमानुसार कायदा आदला दिवस संपताक्षणी सुरू होतो आणि अनुच्छेद २०(१) मुळे वाढीव शिक्षा मागे नेता येत नाही. येथे दिवस स्पष्ट आहे, म्हणून न्यायही स्पष्ट आहे.

मराठी पाठाविषयी

शेवटी आपल्या भाषेतील पहिल्या कलमाकडे वळू. राज्याच्या अधिनियमांत हे सूत्र पुनःपुन्हा येते : राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल. इंग्रजी पाठात येथे दोन भिन्न साहाय्यक क्रियापदे असतात. अंमलात येण्यासाठी आज्ञार्थक, आणि दिवस नेमण्यासाठी शासनाचा विकल्प दाखविणारे. रॉय खटल्यातील युक्तिवाद या शासकीय विकल्पाभोवतीच फिरत होता. मराठीत 'येईल' आणि 'करील' ही दोन्ही साधी भविष्यकाळाची रूपे झाली आणि विकल्प नाहीसा झाला. मराठी वाचकास 'नियत करील' हे वचन वाटते. इंग्रजी वाचकास ती मुभा आहे हे कळते. अनुच्छेद ३४८(३) नुसार अर्थाबाबत वाद झाल्यास इंग्रजी पाठच प्राधिकृत, त्यामुळे मराठी वाचकाचे वचन न्यायालयात टिकत नाही. 'नियत करू शकेल' अशी रचना काहीशी ओबडधोबड वाटली तरी निदान प्रामाणिक ठरली असती. भाषांतराच्या या बाबीकडे भाषातज्ज्ञांनी केवळ परिभाषेचा प्रश्न म्हणून पाहिले, विधिज्ञांनी तर पाहिलेच नाही.

आणि प्रत्यक्ष दिनांक? शासनाच्या छापील अधिनियमांत तो पहिल्या कलमात नसतो. पानाच्या तळाशी, बारीक टायपात, अधिसूचनेच्या क्रमांकासह तो तळटीप म्हणून छापलेला असतो; पुनर्मुद्रणात अथवा खासगी प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्तीत ती तळटीप गळालेली असते. कुळकायद्याची किंवा दारूबंदी अधिनियमाची प्रत वर्गात उघडणाऱ्या अध्यापकाने विद्यार्थ्यास प्रथम ती तळटीप शोधावयास लावावी, आणि न सापडल्यास त्या वर्षाचे राजपत्र काढावयास जिल्हा ग्रंथालयात पाठवावे.